फेदच्या पोटातलं चाक

तेदोचा माणसांवर विश्वास नव्हता आणि हे तो लपवतही नसे. तिबिलिसीत 'कोरडा पूल' म्हणतात त्या पुलावरच्या बाजारात चोवीस वर्षं जुने कॅमेरे विकून आणि दुरुस्त करून त्याचं मत पक्कं झालं होतं, की जो जास्त गोड बोलतो त्याची वस्तू आधी उलटी करून बघावी. जो कमी बोलतो त्याची दोनदा बघावी.

धंदाच तसा होता. सोव्हिएत कारखान्यातून पूर्वी फेद नावाचा कॅमेरा निघायचा, जर्मन लायकाची हुबेहूब नक्कल. मग आपल्याकडचे हुशार लोक काय करायचे, तर फेदचं नाव घासून काढायचे, त्या जागी लायका कोरायचे, शेजारी जर्मन लष्कराचा गरुड काढायचे आणि पर्यटकाच्या गळ्यात मारायचे. अशी शेकडो सोंगं तेदोच्या हातून गेली होती. कोणी आनंदाने उड्या मारत आपला लायका दाखवायला आणला, की तो लेन्स फिरवून काढायचा आणि आतल्या पोकळीत बोट दाखवायचा.

"चाक कुठाय?" एवढंच विचारायचा.

खऱ्या लायकाच्या आत, लेन्सच्या मागच्या कडेला टेकणारं एक मुगाएवढं गोल चाक असतं. फेदमध्ये त्या जागी पाचरीसारखी चपटी जीभ. बाहेरून कितीही रंगरंगोटी करा, पोटातलं चाक कुठून आणणार? समोरच्याचा चेहरा पडला की तेदोला बरं वाटायचं. हे काही चांगलं नव्हे, पण वाटायचं खरं.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी त्याच्या शेजारच्या कठड्यापाशी एक नवीन बाई चादर पसरून बसली होती. चाळिशी ओलांडलेली, अंगापिंडाने भरलेली, डोक्याला रुमाल. चादरीवर दोन इस्त्र्या, झाकण हरवलेला चहाचा समोवार, चमचे, घड्याळांच्या रिकाम्या डब्या, आणि एका कडेला फेद. तेदोने सवयीने उचलला. पटकन ठेवणारच होता, पण फिल्म पुढे सरकवायची कळ फिरवली आणि थबकला. फेदची कळ फिरताना वाळू दळल्यासारखा आवाज होतो. ही गुपचूप फिरली.

त्याने बाईकडे पाठ केली आणि लेन्स काढली. आत चाक होतं.

तेदोने एकदा डोळे चोळले, परत पाहिलं. गोल, पोलादी, बोटाने फिरणारं चाक. वर मात्र रशियन अक्षरांत चक्क फेद कोरलेलं. चोवीस वर्षांत गाढवाला घोडा करणारे त्याने रगड पाहिले होते. घोड्याला गाढव करून विकणारा आज पहिल्यांदा भेटत होता. असं कोण करेल? ज्याला घोडा लपवायचा आहे तो. म्हणजे चोरीचा माल. त्याने आजूबाजूला नजर टाकली, कोणी आपल्याला अडकवायला तर हे मांडलं नाही ना, म्हणून. बिल्ले विकणारा पोरगा फोनमध्ये डोकं खुपसून बसला होता. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं.

"केवढ्याला?" त्याने लेन्स परत लावत कंटाळल्यासारखं विचारलं.

"शंभर लारी, काका."

"शंभर! याच्या पडद्यातून उजेड आत येतोय." पडदा ठणठणीत होता.

"मग सत्तर द्या. मला त्यातलं काही कळत नाही."

"आणला कुठून?"

"चोरीचा नाही हो, घाबरू नका!" बाई हसली. "घरातलाच आहे. माळ्यावर पाणी गळायला लागलं, म्हणून सगळं खाली काढलं. सासऱ्यांचा आहे. नाहालोव्कात राहतो आम्ही. बोंदो घड्याळवाले. ओळखता का?"

"नाही," तेदो म्हणाला आणि सत्तर लारी मोजून तिच्या हातावर ठेवले. तळाचं झाकण उघडून फिल्मची बाजू बघायची त्याला फार इच्छा होती, पण गिऱ्हाईक जास्त वेळ घुटमळलं की भाव चढतो हे त्याला स्वतःवरून माहीत होतं. त्याने कॅमेरा कोटाच्या आतल्या खिशात टाकला, आपल्या टेबलावर ताडपत्री ओढली आणि भर दुपारी, धंद्याच्या वेळी, बाजारातून निघाला.

बोंदोला तो ओळखत नव्हता म्हणणं म्हणजे स्वतःच्या उजव्या हाताला न ओळखण्यासारखं होतं. दोघं एका अंगणात वाढले. तेदोचे वडील वार्लाम हे बोंदोचे नाथलिया, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांनी त्याला हातावर धरलं ते धर्मपिता. आपल्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून कमी धरत नाहीत. वार्लाम चांदीवर नक्षी कोरायचे. लढाईवरून येताना त्यांनी जर्मनीतून एक लायका आणला होता आणि दर मेजवानीत त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांचं जेवण होत नसे. कॅमेरा कपाटात, मखमलीच्या तुकड्यावर. लेन्सला हात लावायची कोणाची टाप नव्हती. "धूळ जाईल," म्हणायचे.

वार्लाम गेले, आणि काही वर्षांनी त्र्याण्णवचा हिवाळा आला. वीज नाही, पाव नाही, रॉकेलसाठी रांगा आणि रस्त्यावर गोळ्या. तेदोच्या आईच्या छातीत कफ झाला होता. तेदो तेव्हा ट्रॉलीबसच्या डेपोत वायरमन होता आणि डेपोत सहा महिने एक बस हलली नव्हती. त्याने लायका विकायला बोंदोच्या हातात दिला. बोंदो पुलावर घड्याळं विकायचा, त्याची परदेशी लोकांशी ओळख होती. बोंदो पाच दिवसांनी परत आला, तो कॅमेरा घेऊनच.

"नकली आहे म्हणतो रे," तो खाली बघत म्हणाला होता. "हॉटेलातल्या त्या परदेशी माणसाने लेन्स काढून दाखवलं. आत चाक हवं म्हणे. याच्यात पाचर आहे."

वरचं टोपण तेच होतं. वडिलांच्या हातून पडून आलेला ओरखडाही तोच. आतून मात्र फेद. आता बापाने स्वतःच्या हाताने जर्मनीतून आणलेला कॅमेरा नकली कसा असेल? आणि देताना खरा असलेला येताना नकली झाला, तर मध्ये हात कोणाचा होता? बोंदोच्या घरी एक जुना फेद पडून आहे हे सगळ्या अंगणाला माहीत होतं. घड्याळवाल्याच्या हाताला आतलं पोट काढून दुसऱ्यात बसवायला कितीसा वेळ लागतो?

फेब्रुवारीत आई गेली. आपल्याकडे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जे जेवण असतं, त्या जेवणात तेदोने पेला खाली ठेवून सर्वांदेखत बोंदोला चोर म्हटलं. एवढ्यावर थांबला असता तरी पुष्कळ होतं. तो पुलावर गेला आणि एकेका दुकानदाराला गाठून सांगितलं. घड्याळाच्या धंद्यात वस्तू विश्वासावर हातात देतात. उन्हाळ्यापर्यंत बोंदोची पथारी उठली. पुढे कॅमेऱ्यांचं पोट उघडायला शिकायचं या एका वेडापायी तेदो स्वतः या धंद्यात आला, आणि बोंदोच्या जागेपासून वीस पावलांवर त्याने टेबल मांडलं. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

आणि आता पुरावा खिशात होता. मार्शुत्कात, म्हणजे शहरातल्या छोट्या बसमध्ये, बसल्या बसल्या तेदो सगळं जुळवत होता. आमच्या लायकाचं पोट काढून या फेदच्या टोपणाखाली बसवलं, फेदचं पोट आमच्याकडे पाठवलं. विकता मात्र आलं नाही, कारण फेद म्हणून कोण पैसे देणार? लपवला, आणि विसरला. किंवा सुनेला सांगायची लाज वाटली. एकेक गोष्ट अशी चपखल बसत होती की तेदोला जवळजवळ आनंद होत होता. मधेच एकदा मनात आलं, की आपण सत्तर लारीत काय घेतलं हे त्या बाईला ठाऊक नाही. पण चोराच्या घरून आपलीच वस्तू परत घेतली तर त्यात कसलं पाप? तो विचार त्याने तिथेच दाबला.

बोंदो अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसून लोबियोच्या उसळीसाठी राजमा निवडत होता. सुकला होता. गुडघ्यांवर लोकरी पट्ट्या बांधलेल्या. फाटक वाजलं तसं त्याने वर पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मेलो वाटतं मी," तो म्हणाला. "नाहीतर तू कशाला येशील?"

"गंमत पुरे." तेदोने कॅमेरा त्याच्यासमोर राजम्याच्या ताटातच आदळला. "हे काय आहे?"

"आमचा फेद. आमच्या सुनेने, खातुनाने, विकायला नेला होता सकाळी." बोंदोने एक दाणा कॅमेऱ्याखालून काढून घेतला. "तू घेतलास? कितीला?"

"ते सोड. ह्याच्या आत काय आहे ते सांग."

"फेदच्या आत काय असणार, फेद."

"तीस वर्षं, बोंदो! तीस वर्षं तू मला खोटारडा ठरवलंस!"

"मी?" बोंदो हसलाही नाही. "मी पुलावर तोंड दाखवू शकत नव्हतो. तुला खोटारडा म्हणायला मला माणूस कुठे मिळत होता?"

तेदोने लेन्स फिरवून काढली आणि कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरला. बोंदोने चष्मा खाली ओढला, आत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. चाक आणि पाचर यातला फरक त्यालाही एका माणसाने एकदाच, पण कायमचा शिकवला होता. त्याचं तोंड हळूहळू उघडलं. तेदो त्या चेहऱ्यावर चोरी शोधत होता. ती सापडेना, त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला.

"नाटक छान करतोस."

"थांब," बोंदो म्हणाला. "थांब जरा. हा इथे कधीपासून आहे माहीत आहे का तुला? मी एक वर्षाचा होतो तेव्हापासून. तुझ्या बापाने दिलाय, माझ्या बाप्तिस्म्याला."

"टोपण दिलं असेल. आतलं तू घातलंस."

"तळ उघड."

"काय?"

"तळाचं झाकण उघड, गाढवा! बाजारात विकत घेताना उघडलं नाहीस? कसला तू कॅमेरेवाला!"

तेदोने तळाची चावी फिरवली. झाकण निघालं. त्याच्या आतल्या बाजूला जॉर्जियन अक्षरांत, वेलीच्या देठासारख्या लवत्या रेषांत कोरलं होतं: बोंदोला, नाथलिया वार्लामकडून. घरातलं सगळ्यात मोलाचं. १९५८. हात वडिलांचा होता. वाइन प्यायच्या चांदीच्या शिंगांवर, कमरपट्ट्यांवर, तो हात तेदोने हजार वेळा पाहिला होता. शंकेला जागाच नव्हती.

"तुला ही गोष्ट तुमच्या घरी कोणी सांगितली नसणार," बोंदो म्हणाला. "आमच्या घरी मात्र प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. माझ्या बाप्तिस्म्याच्या मेजवानीत तुझा बाप शिंग हातात घेऊन उभा राहिला आणि भरल्या टेबलासमोर बोलला, की माझ्या घरात जे सगळ्यात मोलाचं आहे ते या मुलाचं. सगळे ओरडले, टाळ्या पिटल्या. आता शिंग हातात घेऊन दिलेला शब्द. मागे घेता येतो का? सगळ्यांना वाटलं, लायका देणार. तुझी आई तर रडायलाच लागली म्हणे. आणि आठवड्याने वार्लाम आले ते हा फेद घेऊन. आतमध्ये हे कोरलेलं. माझा बाप मरेपर्यंत हे झाकण उघडून लोकांना दाखवायचा. 'बघा, माझ्या पोराचा चिकट धर्मपिता! मोलाचं म्हणे!' आणि लोक पोट धरधरून हसायचे. वार्लामच्या तोंडावर हसायचे. तेही हसायचे."

तेदोने खिशातून भिंग काढलं. कोपर गुडघ्यावर टेकवलं. मांडवातून येणाऱ्या तिरप्या उन्हात त्याने टोपण आडवं धरलं. फेदच्या अक्षरांखाली, घासून वर मुलामा दिलेल्या धातूत, दुसऱ्या अक्षरांच्या पुसट खुणा होत्या. एक मोठा गोलसर वळसा, मग बारीक जर्मन वळणं. टोपण बदललं असतं, तर त्याच्याखाली जर्मन अक्षरं कुठून आली असती? हे टोपण जन्मापासून याच कॅमेऱ्याचं होतं. नाव तेवढं वडिलांनी बदललं होतं. आणि मग कुठून तरी एक फेद मिळवून, त्यावर लायका कोरून, मखमलीवर ठेवला होता, म्हणजे बायको रडायची नाही आणि बोंदोच्या घरी महागडी परदेशी वस्तू आली म्हणून शेजारी पोलिसांच्या कानाला लागायचे नाहीत. लेन्सला हात का लावू देत नव्हते, तेही आता कळलं. धुळीचा काही संबंध नव्हता.

शब्द पाळला होता. सव्वीस वर्षं चिकट म्हणवून घेतलं आणि पाळला. मुलाला मात्र एका अक्षराने सांगितलं नाही, आणि त्या मुलाने पुढे काय केलं, ते तेदोला आता अंगणात बसून बघावं लागत होतं.

"म्हणजे," बोंदो सावकाश म्हणाला, "त्र्याण्णव साली हा माझ्या माळ्यावर होता."

"होता."

"खरा."

"खरा."

"मी त्या हॉटेलापुढे आणखी तीन दिवस बसलो होतो, तेदो. बर्फात. म्हटलं दुसरा कोणीतरी परदेशी येईल, तो म्हणेल खरा आहे. तुझ्या घरी रिकाम्या हाताने कसा जाऊ? मी तुला सांगितलं नाही, तू आधीच ओरडत होतास." त्याने कॅमेरा उचलला, परत ठेवला. "माझ्याच माळ्यावर होता. काकूंसाठी मी लगेच दिला असता."

तेदोला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. तीस वर्षांपुढे हे दोन शब्द इतके फुटकळ वाटले, की त्याने मान खाली घातली.

"खातुनाला किती दिलेस?"

"सत्तर."

"चाक बघून?"

तेदो भिंग पुसायला लागला.

"चाक बघून दिलेस की न बघता?"

"बघून."

बोंदोने राजम्यातला एक खडा निवडून फेकला आणि म्हणाला, "माझ्यावर तू निदान शंका तरी घेतलीस. मला तर आता तुझ्यावर शंकाही घ्यायची सोय ठेवली नाहीस."

"कॅमेरा तुझा आहे. मी ठेवून जातो."

"ठेव. तुझे पैसे खातुना आली की परत देईन. पण एवढ्याने भागणार नाही. इथे मांडवाखाली माझ्या कानात माझं चुकलं म्हणून काय उपयोग? मला काय मी चोर नाही हे माहीत नव्हतं? जिथे बोललास तिथे बोल. पुलावर. मोठ्याने."

"बोलतो."

"शनिवारी. गर्दी असते. मी येईन ऐकायला, टॅक्सीने."

तो आठवडा तेदोने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. रोज काय बोलायचं ते ठरवायचा आणि रोज मोडायचा. शनिवारी खातुनाने कठड्यापाशी चादर पसरली. तिने तेदोला नमस्कार केला नाही. समोवारावर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, "हा पितळेचा आहे, काका. आत चांदी असली तर आधीच सांगा." तिच्या मागे स्टुलावर बोंदो बसला होता, दाढी केलेली, डोक्यावर टोपी, गुडघ्यांवर तो कॅमेरा.

तेदो आपल्या टेबलाशेजारी उभा राहिला. आवाज काढला तो किंचाळल्यासारखाच निघाला.

"ऐका! सगळ्यांनी ऐका! घड्याळवाल्या बोंदोला मी तीस वर्षं चोर म्हणत आलो. याच पुलावर म्हटलं. तो चोर नव्हता. त्याने कधी कोणाचं काही घेतलं नाही. मी खोटं बोललो. आणि मागच्या शनिवारी त्याच्याच सुनेला मी फसवलं. चोर असेल तर मी आहे!"

सौदे थांबले. पर्यटकांनी फोन वर केले. तेदोने चेहऱ्यांवरून नजर फिरवली. ज्यांना त्याने एकेकाला गाठून सांगितलं होतं, त्यातला एकही माणूस इथे नव्हता. गालिचेवाला अवतो गेला त्याला दहा वर्षं झाली. तलवारीवाला ग्रीसला. चित्रवाल्या दोघी बहिणी एकामागून एक गेल्या. सगळे जाताना ती गोष्ट तशीच सोबत घेऊन गेले होते, बोंदो चोर होता म्हणून.

बिल्ले विकणाऱ्या पोराने फोनमधून डोकं काढलं.

"कोण बोंदो?" त्याने विचारलं.

तेदो स्टुलाकडे वळला.

खातुनाच्या मागे स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढून हात वर केला.

"मी," तो म्हणाला.